दुपारचं नेट

मिस्त्रींना आता दुपारची धास्ती वाटायला लागली होती. सकाळी सगळं ठीक असायचं. सून आठला आवरून, केस घट्ट बांधून मागच्या खोलीत बसायची, कानांवर तो काळा पट्टा चढवायची आणि तिचं काम सुरू व्हायचं. पाणी गाळणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ती घरबसल्या ऐकायची. दूरच्या कुठल्यातरी शहरात कुणाच्यातरी स्वयंपाकघरात यंत्र गळायला लागलं, की तिथला माणूस नंबर फिरवायचा, आणि इथे, गावाच्या शेवटच्या गल्लीत, सून त्याला सांगायची, "आधी मागचा नळ बंद करा, सर. सावकाश. झाला का?" दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या मिस्त्रींना ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. चाळीस वर्षं त्यांनी विहिरींवरचे पंप दुरुस्त केले होते. तेच काम ही पोर नुसत्या आवाजावर करत होती, नखाला तेल न लागता.

पण बारा वाजले, ऊन भिंतीवर चढलं, की तिचा आवाज बदलायचा. हॅलो, सर, माझा आवाज येतोय का, मॅडम, ऐकू येतंय का. तेच वाक्य दहादा, वीसदा. मग शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. पलीकडचा माणूस काय बोलतो ते मिस्त्रींना कळायचं नाही, पण ती ज्या प्रकारे "समजू शकते, सर" म्हणायची त्यावरून अंदाज यायचा. एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. सासूने विचारलं, तर म्हणाली, उष्णतेचे आहेत.

शनिवारी तिच्या वरच्या बाईंचा फोन आला. येत्या शुक्रवारी दोन ते पाच त्या स्वतः तिचे कॉल ऐकत बसणार होत्या. तेव्हाही आवाज तुटला, तर घरून काम बंद. मग शहरातल्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. शहर बसने सहा तासांवर. म्हणजे तिथे खोली घ्यायची आणि महिन्यातून एकदा घरी यायचं. मिस्त्रींचा मुलगा ट्रक चालवायचा. तोही महिन्यात चार-पाच दिवसच घरी असायचा. फोनवर तो हसत म्हणाला, मग आपण भेटायचं कुठे, ढाब्यावर? त्यावर कुणी हसलं नाही.

नेटच्या कंपनीकडे सुनेने तीनदा तक्रार केली होती. तिकडून तिच्याच वयाची कुणी मुलगी बोलायची. राउटर बंद करा, दहापर्यंत मोजा, परत चालू करा. सुनेला तिच्यावर रागावताही यायचं नाही, कारण समोर कागद ठेवून बोलणाऱ्याची गत तिला पुरती ठाऊक होती. ती निमूट दहापर्यंत मोजायची. तिसऱ्या वेळी त्या मुलीने सांगितलं की माणूस पाठवू, पण पुढच्याच्या पुढच्या सोमवारी. म्हणजे बाईंचा शुक्रवार उलटून गेल्यावर.

त्या शनिवारी संध्याकाळी मिस्त्रींनी सुनेला विचारलं, की हे रोज होतं का, एकदम होतं की हळूहळू, आणि नेमकं किती वाजता सुरू होतं. पंप बिघडला की ते पहिल्यांदा मालकाला हेच विचारायचे. पण सुनेचा दिवस फार वाईट गेला होता. एका माणसाने तिला मुकी म्हटलं होतं.

"बाबा, ही मोटर नाहीये," ती म्हणाली. "पाना लावून होणारं काम नाही हे."

आणि आत निघून गेली. मिस्त्री बाकावर तसेच बसून राहिले. त्यांना बोलण्याचं वाईट वाटलं नाही, वाईट वाटलं ते त्यात खोटं काही नव्हतं म्हणून. मोटरसाठीसुद्धा आता त्यांना कोण बोलवत होतं? नवे पंप बंद डबे असतात. बिघडला की उपसून काढतात आणि दुसरा सोडतात. त्यांच्या पान्यांची पिशवी दोन वर्षं खिळ्याला लटकलेली होती. बायको चुलीपाशी सगळं ऐकत होती. गावात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे. तिने एवढंच सांगितलं, की तिला झोपू द्या, सकाळी विचारा.

सकाळी विचारावं लागलं नाही. रविवार होता. सून चहा घेऊन बाहेर आली, त्यांच्या शेजारी बाकावर बसली. माफी वगैरे तिने मागितली नाही, पण चहात दीड चमचा साखर होती, आणि त्या घरात मिस्त्रींच्या चहात साखर घालायला बंदी होती. ते एका दमात चहा प्यायले, आतून कुणी बघायच्या आत. मग सुनेने आपला जुना फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर एक गोल होता आणि गोलात काटा. खालचं बटण दाबलं की काटा थरथरत वर चढायचा आणि कुठेतरी थांबायचा. तिथला आकडा म्हणजे त्या घडीला नेट किती येतंय.

"म्हणजे प्रेशर गेज," मिस्त्री म्हणाले.

"तेच समजा. माझ्या कामाला दहा तरी लागतात, पाच-सहावर कसंबसं निभतं, त्याखाली आवाज तुटतो. आणि मी कॉलवर असताना दाबू नका हं. तपासणीच सगळं नेट ओढून घेते."

मिस्त्रींनी मागच्या वर्षाचं कॅलेंडर उतरवलं, पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या. वेळ, जागा, आकडा. चष्मा नाकाच्या टोकावर आणून ते कामाला लागले. राउटर पुढच्या खोलीत होता. त्याच्याजवळ उभं राहून दाबलं, तर काटा अडतीसवर गेला. मागच्या खोलीत सुनेच्या टेबलाशी दाबलं, तर सहा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग ते एकेक पाऊल टाकत, थांबत, दाबत सगळ्या घरातून फिरले. मिस्त्रीणबाईंना वाटलं की फरशी बसवायचा विचार आहे.

टाकीत पाणी आहे आणि नळाला नाही. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मध्ये कुठेतरी अडतंय. पण मध्ये तर नळी नव्हती, नुसती हवा होती. ते परत राउटरपाशी आले.

राउटर होता त्यांनी स्वतः बनवलेल्या पेटीत. महिन्यापूर्वी धुळीचे दिवस सुरू झाले तेव्हा जुन्या पंपाच्या जाड पत्र्यातून त्यांनी ती कापली होती. बिजागरीचं दार, छोटी कडी, हवेसाठी बाजूला भोकं, वर हिरवा रंग. गल्लीतले चार जण येऊन बघून गेले होते. आधी जवळून मोजताना त्यांनी पेटीचं दार उघडं ठेवलं होतं, दिवे बघायला. आता त्यांनी ते लावलं आणि बटण दाबलं. काटा अकरावर अडखळला. दार उघडलं, अडतीस. लावलं, दहा. चार वेळा त्यांनी ते करून बघितलं, आणि चौथ्या वेळी दार उघडंच ठेवून खुर्चीत बसले.

मिस्त्रीणबाईंनी विचारलं, काय झालं. त्यांना काही नाही म्हणता आलं असतं.

"माझी पेटी," ते म्हणाले. "पत्र्यातून नेट बाहेर पडत नाही."

मिस्त्रीणबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर तुम्हीच पोरीचं तोंड दाबून धरलं होतंत."

मिस्त्रींनी स्क्रू काढले. राउटर दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, उंच फळीवर ठेवला. सुनेच्या टेबलाशी काटा बावीसवर गेला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं, कारण बायकोच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं. सून हसली नाही. पेटी हातात घेऊन तिने कडी लावली, काढली, आणि म्हणाली की इतकं चांगलं दार बाजारात मिळत नाही, मला माझे कागद ठेवायला द्या. मिस्त्री नको म्हणाले, पण तोपर्यंत ती पेटी घेऊन आत गेली होती.

सोमवारी सकाळी सुनेचा आवाज मोकळा होता. साडेअकराला तर ती कुणाशी तरी बोलता बोलता गाण्यासारखं काहीतरी गुणगुणली. बाराला पाच मिनिटं कमी असताना भिंतीपलीकडून आलं, हॅलो, सर, माझा आवाज येतोय का.

मिस्त्री उठून आत गेले. कॉल संपायची वाट बघून त्यांनी अगदी राउटरखाली उभं राहून बटण दाबलं. तीन. सुनेने जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपला सरळ वायर लावून बघितलं. तरी तीनच. आता मात्र नळ स्वच्छ होता आणि टाकीतच पाणी नव्हतं. बिघाड एक नव्हता, दोन होते, आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. पंपांच्या बाबतीत असं पुष्कळदा झालेलं त्यांना आठवलं. वॉशर बदलून खूश होऊन घरी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की पाइपलाही तडा आहे.

सुनेला वाटलं, कुणी आपलं वायफाय वापरत असेल. तिने पासवर्ड बदलला. अर्ध्या तासात शेजारचा किराणावाला दारात येऊन विचारायला लागला, की तुमचं नेट बंद पडलंय का हो. एवढं बोलून तो स्वतःच अडखळला, आणि घाईघाईने परत गेला. त्या दिवशी मिस्त्रीणबाई दुसऱ्यांदा पोट धरून हसल्या. पण काटा काही वर गेला नाही. मग मिस्त्रींना वाटलं, राउटर तापत असेल. त्यांनी टेबलावर स्टूल, स्टुलावर पंखा असा मनोरा रचून दुपारभर त्याला वारा घातला, आणि स्वतः घामाने भिजत बाजूला उभे राहिले. राउटर गार झाला, काटा तीनवरच.

कॅलेंडरच्या मागचे रकाने भरत चालले. सोमवारी बाराला पडलं, साडेचारला आलं. मंगळवारी पावणेबाराला पडलं, पाचला आलं. बुधवारीही तसंच, पण बुधवारी एक गोष्ट निराळी झाली. एक वाजता आभाळ भरून आलं. पाऊस नव्हताच, नुसता ढगांचा एक मोठा तुकडा गावावर येऊन थांबला, आणि गल्ली सावलीत गेली. सून तेव्हा जेवत होती. मिस्त्रींनी सहज दाबलं, तर काटा एकतीसवर. पाऊण तासाने ढग सरकला, ऊन पुन्हा भिंतीवर आलं, आणि तीन.

त्यांनी ते दोन्ही आकडे लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. उन्हाने काहीतरी होतंय. घरात नाही, बाहेर.

गुरुवारी सकाळी ते तारेच्या मागे निघाले. तारेत केसाएवढी काच असते आणि ती दबली की तिच्यातून येणारा उजेड अडतो, हे सुनेने त्यांना आदल्या रात्री सांगितलं होतं. उजव्या गुडघ्यावर पट्टा बांधला, डोक्यावर ओला रुमाल टाकला. काळी, बुटाच्या नाडीएवढी तार घराच्या भिंतीवरून खांबावर गेली होती, तिथून दुसऱ्या खांबावर, तिथून गल्ली ओलांडून पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर. मिस्त्री मान वर करून चालत होते. दोनदा ठेचकाळले. गिरणीवाल्याने हटकलं, की काय शोधताय, पतंग? त्यांनी हात हलवला. गिरणीच्या कोपऱ्यापासून तार खाली झुकली आणि एका नव्या पत्र्याच्या छपरात शिरली. छपराच्या दुसऱ्या टोकाला ती परत बाहेर निघून मोठ्या खांबावरच्या डब्यात गेली होती.

छप्पर सुताराच्या कारखान्याचं होतं. मिस्त्री समोरच्या झाडाखाली थांबले. दोष कुठे आहे हे त्यांना कळलं होतं, पण पाय पुढे होईना.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मिस्त्री आणि सुतार संध्याकाळी एकाच बाकावर बसायचे. लहानपणापासूनचे दोघं. मग सुताराचा पंप बिघडला. मिस्त्रींनी तो उघडला, एक पार्ट हवा होता तो तालुक्याहून मागवला, यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पार्ट घेऊन ते गेले, तर बाजारातला एक दुसरा मेकॅनिक पंपात कोपरापर्यंत हात घालून बसलेला. सुतार म्हणाला होता, तुझ्याने होईना म्हणून बोलावलं. मिस्त्री तसेच पार्ट घेऊन परत फिरले. तेव्हापासून दोघांत एक शब्द नव्हता. समोरासमोर आले की एकाला आभाळात काहीतरी दिसायचं, दुसऱ्याला जमिनीवर.

मिस्त्री घरी आले. बायकोला म्हणाले, तार त्याच्या पत्र्याखाली आहे. ती म्हणाली, मग जा. ते म्हणाले, सोमवारी कंपनीचा माणूस येईलच. त्यावर तिने नुसतं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं. पलंगावर सुनेची मोठी बॅग होती, माळ्यावरून काढलेली, धूळ पुसलेली. सून तिची चेन पुढे-मागे करून बघत होती. अर्ध्यात अडकत होती ती. सून तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासत होती, अगदी मन लावून, जसं एखादं रोजचं काम.

शुक्रवारी एक वाजता, सून जेवायला उठली तेव्हा, काटा चारवर होता. मिस्त्रींनी फोन बायकोच्या हातात दिला, बटण कुठलं ते दाखवलं, आणि नाक मुठीत धरून सुताराच्या कारखान्याकडे गेले.

आत भुसा होता आणि ताज्या लाकडाचा वास. सुतार खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता. मिस्त्री दारात दिसले तसा त्याचा हात थांबला.

"पत्रा कधी बदललास?" मिस्त्रींनी विचारलं. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"महिना झाला. का?"

"त्याच्याखाली माझी तार आहे."

"आहे ना. वाऱ्याने सारखी आपटत होती. म्हटलं तुटेल एखाद दिवशी, म्हणून पत्र्याखाली घेऊन वरून पट्टी मारली. घट्ट."

या माणसाने न बोलता त्यांची तार जपली होती, जशी त्यांनी राउटरसाठी पेटी बनवली होती. दोघांनी मिळून पोरीचा गळा धरला होता.

"चांगल्यासाठीच केलंस," ते म्हणाले. "पण आत तांबं नाही, काच आहे. केसाएवढी. ऊन झालं की पत्रा फुगतो आणि तिला चिमटा बसतो."

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. "सून घरून काम करते ना तुझी?"

"दोन वाजता तिची परीक्षा आहे. नाही जमलं तर शहरात जाईल राहायला."

सुताराने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे काही न विचारता तो शिडी आणायला गेला.

मिस्त्रींनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीला गुडघ्यातून कळ निघाली आणि ते तिथेच लटकून राहिले. सुताराने त्यांचं कोपर धरून त्यांना खाली घेतलं, बाजूला केलं, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि स्वतः चढला. तो मिस्त्रींपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता आणि चांगला दुप्पट जाड. शिडी करकरली. मिस्त्री दोन्ही हातांनी ती धरून वर बघत राहिले. पत्र्यावर गोणपाट टाकून सुतार गुडघ्यांवर टेकला, तरी तळहात भाजायचे तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. खालून मिस्त्री सांगत होते, ओढू नकोस, वाकवू नकोस, नुसता पत्रा उचल. सुताराने पट्टीचे स्क्रू काढले आणि पटाशी घालून पत्रा बोटभर उचलला. मिस्त्रीणबाई पलीकडे घराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओरडून सांगितलं, नऊ. मग सतरा.

"कडेवर कोपरासारखी मुडपलीय रे," वरून सुतार म्हणाला. "सोडली तर पुन्हा तशीच बसेल."

खाली काहीतरी गोल घालायला हवं होतं, म्हणजे तार वळेल पण मोडणार नाही. सुतार खाली आला. त्याने ढिगातून सागाचा हातभर तुकडा काढला, कापला, त्यात खाच कोरली आणि मग खाचेच्या कडा पॉलिश पेपरने घासायला लागला. घड्याळात दीड वाजून गेला. मिस्त्रींना वाटत होतं, आता पुरे, जा वर. पण कडा गोल करणाऱ्या माणसाला घाई करायची नसते हे त्यांना स्वतःच्या हातांनी शिकवलं होतं. सुताराने खाचेतून अंगठा फिरवून बघितला, मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनीही अंगठा फिरवला. कुठेच टोचत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

दोनला दहा मिनिटं असताना ठोकळा पत्र्याखाली बसला आणि तार खाचेत आली. पलीकडून मिस्त्रीणबाईंनी आधी एकतीस सांगितलं, मग चौतीस. सुतार खाली उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि दोन्ही तळहात लाल झाले होते. मिस्त्रींनी माठातलं पाणी घेऊन हळूहळू त्याच्या हातांवर ओतलं. दोघंही त्या पाण्याकडे बघत होते.

"तेव्हा तुझी वाट बघायला हवी होती मी," सुतार म्हणाला. "त्याने बसवलेलं दोन महिन्यांत गेलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझा पंप चालतो तेव्हा मला घरात ऐकू येतो. बेअरिंग घासतंय. दोन वर्षं ऐकतोय मी."

सुतार हसला नाही. त्याने ओले हात सदऱ्याला पुसले आणि म्हणाला की आता जा घरी, इथे थांबून काय करतोस, पोरीचं सुरू झालं असेल.

सुरू झालं होतं. मिस्त्री बाकावर बसले. त्यांचा हात सारखा फोनकडे जात होता, काटा बघावा म्हणून, पण कॉल चालू असताना दाबायचं नाही हे सुनेने सांगितलं होतं. मिस्त्रीणबाईंनी फोन सरळ आपल्या मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिल्या. तीन वाजता उन्हाने कहर केला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. भिंतीपलीकडे सून बोलत होती. कुणा म्हाताऱ्या बाईंचं यंत्र शिट्टी मारत होतं. सून त्यांना फोन यंत्राजवळ धरायला सांगत होती, ऐकत होती, आणि मग म्हणाली, "आजी, काही बिघडलेलं नाही, हवा अडकलीय फक्त. मागचा स्क्रू अर्धा सैल करा." थोडा वेळ गेला. मग सून हसली, बहुतेक तिकडे शिट्टी थांबली असावी. मिस्त्रींनी मान डोलावली. हवा अडकलेलीच होती, त्यांनाही ऐकताना तेच वाटलं होतं.

पाच वाजून गेल्यावर ती बाहेर आली. कान त्या पट्ट्याने लाल झाले होते. उंबऱ्यावरच बसली, पाय लांब केले. सासूने पाण्याचा तांब्या दिला तो तिने एका दमात रिकामा केला.

"बाईंनी अकरा कॉल ऐकले," ती म्हणाली. "शेवटी म्हणाल्या, घरूनच चालू दे तुझं."

मिस्त्री हो म्हणाले. मिस्त्रीणबाई मात्र उठल्या, आत गेल्या, आणि सून नको नको म्हणत असताना स्टुलावर चढून ती बॅग त्यांनी स्वतः माळ्यावर ढकलली, अगदी भिंतीला टेकेपर्यंत.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. पोट सुटलेला, पन्नाशीचा, मोटरसायकलवरून गावोगाव फिरून धुळीने पांढरा झालेला. राउटरची तार काढून त्याने एका छोट्या यंत्राला लावली आणि म्हणाला की उजेड चांगला येतोय, तुमच्याकडे बिघाडच नाही. सुनेने सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी बाहेरच्या माणसाने तारेला हात लावल्याबद्दल कपाळाला आठ्या घातल्या. मग सुताराकडे जाऊन, शिडीवर चढून ठोकळा बघून आला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या नव्हत्या. फोनमध्ये त्याने ठोकळ्याचा फोटो काढला होता, आणि सुतार असे आणखी देईल का हेही विचारून ठेवलं होतं.

चहा पिता पिता तो आपल्या फोनवर तक्रार बंद करायला लागला. सून शेजारी उभी होती. पडद्यावर तीनच ओळी होत्या. लाईनमनने दुरुस्त केले. ग्राहक घरी नव्हता. तक्रार चुकीची होती. त्याने तिसऱ्या ओळीवर बोट नेलं, तशी सून म्हणाली, थांबा. चुकीची तक्रार म्हणून नोंद झाली की पुढच्या वेळी त्या घराचा फोन कसा घेतला जातो, ते तिला कामावरून ठाऊक होतं. तो म्हणाला, ताई, मग काय लिहू, मी तर काही केलं नाही. तिने फोन मागून घेतला, पडदा खाली सरकवला. अगदी तळाशी 'इतर' म्हणून एक रिकामी चौकट होती. तिथे तिने टाईप केलं, आणि माणसाने वाचून हसून बटण दाबलं.

तो गेल्यावर मिस्त्रींनी बाकावरून विचारलं, काय लिहिलंस म्हणून.

"दुरुस्ती घरच्या मिस्त्रींनी केली, गल्लीतल्या सुतारांच्या मदतीने."

मिस्त्री बाकावरून उठले. मग खिळ्यावरून पान्यांची पिशवी काढून खांद्याला लावत त्यांनी विचारलं, "मिस्त्रीतली 'स्त्री' दीर्घच लिहिलीस ना?"

ती हो म्हणाली, तसे ते गल्लीत उतरले आणि सुताराच्या कारखान्याकडे वळले.